कंपनी: पावापासून पंगतीपर्यंत

‘मुलाला चांगल्या कंपनीत नोकरी लागली’ आणि ‘मुलाची कंपनी काही बरी नाही’ ही दोन्ही वाक्यं मराठी घरात सहज बोलली जातात आणि ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही. एकीकडे भागधारक, ताळेबंद, नफा-तोटा. दुसरीकडे कट्टा, चहा आणि जिवाभावाची माणसं. इतक्या दूरच्या दोन गोष्टी एका शब्दात कशा नांदतात? त्याचं उत्तर जेवणात आहे.

लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. त्यांच्यापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानिओ’ तयार झाला: आपल्या पावातला वाटेकरी. जर्मानिक कुळातल्या गॉथिक भाषेतही सोबत्यासाठी नेमका असाच घडवलेला शब्द होता. लॅटिन शब्द जर्मानिक साच्यावरच बेतला असावा, असं भाषाभ्यासक मानतात. पुढे तो फ्रेंचमध्ये रुळला आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात इंग्रजीत आला. ‘पानिस’चा आणखी एक वंशज तर आपल्या रोजच्या खाण्यात आहे. पोर्तुगीजांनी त्याच लॅटिन शब्दापासून आलेलं ब्रेडचं नाव गोव्यात आणलं आणि त्याचाच आपला ‘पाव’ झाला. मित्राबरोबर वडापाव खाणारा माणूस ‘कंपनी’ हा शब्द अक्षरशः जगत असतो.

व्यापारातही हा शब्द आधी घरच्या माणसांचाच होता. मध्ययुगीन फ्लॉरेन्समधल्या बार्दी, पेरुत्सी अशा घराण्यांच्या पेढ्यांना ‘कोम्पान्या’ म्हणत. भाऊबंद आणि विश्वासातले भागीदार भांडवल एकत्र करत, नफा वाटून घेत आणि पेढी बुडाली तर स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार राहत. नंतर भांडवलाची भूक वाढली, तसे एकमेकांना न ओळखणारे लोकही भागीदार झाले. पाव गेला, भाग उरला.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, ती ईस्ट इंडिया कंपनीची. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने या कंपनीच्या हवाली केलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखावर ‘कंपनी सरकार’ आलं. ते १८५८ पर्यंत राहिलं. सोबत्यांसाठी जन्मलेला शब्द आपल्याकडे सत्ता होऊन आला, ही त्याची सर्वांत दुःखद मजल.

त्याला पुन्हा माणसांत आणलं ते रंगभूमीने. १८८० साली उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी यांच्या नावात ‘मंडळी’ असली, तरी लोकांच्या तोंडी ‘किर्लोस्कर कंपनी’, ‘गंधर्व कंपनी’ होती. या कंपन्या गावोगाव बिऱ्हाड टाकत. नट, गवई, साजिंदे, पडदे ओढणारे एकत्र राहत आणि कंपनीच्या मुदपाकखान्यात शिजलेलं जेवत. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभातने तर हा शब्द नावातच घेतला: प्रभात फिल्म कंपनी.

रोजच्या इंग्रजीत या शब्दाच्या छटा बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. आधी ‘अ’ हे उपपद लागलं, तर बहुधा व्यवसायसंस्था, नाट्यसंस्था किंवा सैनिकांची तुकडी. उपपदाशिवाय आला, तर सोबत. ‘आमच्याकडे कंपनी आहे’ म्हणजे घरी पाहुणे आहेत. दोघांनी कंपनी ‘पार्ट’ केली म्हणजे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंग्लंडमधला माणूस कंपनी ‘कीप’ करतो. आपण मात्र कंपनी ‘देतो’, कारण मराठीत साथ द्यायची असते, सोबत द्यायची असते. परका शब्द आपण आपल्या क्रियापदाच्या घरी वाढवला.

सहभोजनाची जाण आपल्या परंपरेतही जुनी आहे. तैत्तिरीय संहितेतल्या ‘चमक’ या प्रार्थनेत मागितलेल्या गोष्टींत ‘सग्धि’ म्हणजे एकत्र जेवणं आणि ‘सपीति’ म्हणजे एकत्र पिणंही आहे. पण याच समाजाने ‘रोटीबंदी’ची भिंत उभी केली आणि कोणी कोणाशेजारी जेवायचं हे जन्मावर ठरवलं. ती पाडण्यासाठी महाराष्ट्रात सहभोजनं झाली. समाजसुधारक अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या प्रसादाचे सत्यनारायण घडवून आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बजावलं, की नुसतं एकत्र जेवण पुरेसं नाही, बेटीव्यवहार व्हायला हवा आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा संपायला हवी.

म्हणून ‘कंपनी’चा अर्थ कोशात वाचून भागत नाही. आपल्या ताटाशेजारी कोण बसतं आणि कोणाला आपण अजून बोलावलेलंच नाही, यावर तो ठरतो. या दिवाळीत फराळाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवताना, आजवर त्या यादीत न आलेलं एक तरी नाव आवर्जून लिहावं.