सोफ्यामागचा स्पीकर

सकाळी ८.३०
नाशिक, रविवार कारंजाजवळच्या बोळातला गाळा. रुंदी सात फूट. शटर अर्धंच वर. आत काका स्टुलावर बसलेत आणि समोर दोन वूफर, आठ इंची, काल संध्याकाळी डकवून ठेवलेले. स्पीकरच्या पुठ्ठ्याभोवती फोमची कडा असते. पंधरा-वीस वर्षांत ती आपोआप झिजते, वाजवा नाहीतर कपाटात ठेवा. बोट लावलं की काळा चिकट चुरा हाताला येतो. हा चुरा थिनर लावून खरवडायचा, त्याला एकेका स्पीकरला अर्धा तास. मग नवी रिंग. जोडी ३८० रुपयांना पडली. डकवायला मात्र दहाच मिनिटं.

काका दोन्ही हातांची बोटं पुठ्ठ्यावर समान ठेवून हलकेच आत दाबतात. कान जवळ. खरखर आली तर कॉइल चुंबकाला घासतेय, म्हणजे सगळं काढून परत पहिल्यापासून. पहिल्यात आवाज नाही. दुसऱ्यात नाही. "जा, डबे आण," काका पोराला म्हणतात. डबे म्हणजे लाकडी खोके. गिऱ्हाईक दुपारी येऊन १२०० देऊन जोडी घेऊन जाईल.

सकाळी ९.३०
पिशवी भरली जाते. मल्टिमीटर, डिसमिस, सोल्डरिंग गन, मीटर टेप, पाणसळ, कागदी चिकटपट्टी, जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे, दीड व्होल्टचा एक सेल आणि हातात मावेल एवढा आरसा. आरसा दाढीचा. पेन ड्राइव्हमध्ये पाच गाणी. पाचच. "आपल्याला गाणी ऐकायची नाहीत, खोली ऐकायची," काका म्हणतात.

स्कूटरवर मागे मी, मांडीवर पिशवी. पोरगा गाळ्यात थांबतो. त्याची रोजी ४५०.

सकाळी १०.१५
अशोकस्तंभावरून गंगापूर रोड. तिसरा मजला. घरचे साहेब बँकेतून निवृत्त झालेत. तक्रार फोनवर सांगून झालीय, तरी ती पुन्हा सांगतात. बेस येत नाही. गाणारा कुठं उभा आहे ते कळत नाही. मुलगा म्हणतो मोठे टॉवर घ्या. दुकानात बघून आलेत, पन्नास हजारांच्या पुढं आकडा आहे.

"बसता कुठं?" काकांचा पहिला प्रश्न.

साहेब सोफ्यावर बसून दाखवतात. काका टेपचं टोक फरशीला लावतात, पट्टी वर ओढत साहेबांच्या कानापाशी आणतात. ३८ इंच. साहेब जरा आक्रसतात. शिंपी सोडला तर कोणी त्यांना असं मोजलं नसावं.

मग स्पीकर. डावा शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ढाली आणि काचेच्या बदकांमध्ये. उजवा सोफ्याच्या मागे, कोपऱ्यात, जमिनीवर. त्याच्यावर कुंडी.

काकू आतून येतात. "भाऊ, सोफा हलवायचा नाही हं. पाहुणे येतात."

"नाही हलवत, वहिनी."

काका अ‍ॅम्प्लिफायर बंद करतात, मागच्या वायरी सोडवतात. जाळी काढतात. वायरीची दोन टोकं सेलला लावतात. टक्. डाव्याचा पुठ्ठा बाहेर येतो. उजव्याला तेच करतात. टक्. पुठ्ठा आत जातो. काका माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. लाल-काळी वायर एका बाजूला उलटी लागलीय. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज दोघांच्या भांडणात मरतो. मोठे टॉवर आणले असते आणि हीच वायर तशीच लावली असती, तर हेच झालं असतं, पन्नास हजारांत.

वायर सुलट होते. गाणं लागतं. साहेबांच्या भुवया वर जातात. आता बेस आहे, पण नको तितका आणि सगळा उजव्या कोपऱ्यातून. जमीन आणि दोन भिंती एका ठिकाणी मिळतात तिथं खर्ज फुगतो. शोकेसमधली बदकं थरथरायला लागतात.

इथून पुढचा पाऊण तास नुसती हमाली. कुंडी बाल्कनीत. उजवा स्पीकर सोफ्यामागून बाहेर, मागच्या भिंतीपासून दीड फूट. डावा शोकेसमधून काढून त्याच रेषेत. खाली दोन सारखी स्टुलं, म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बारीक आवाजाचा, कानाच्या उंचीला येतो. स्टूल आणि खोक्यामध्ये रबराचे तुकडे. दोन स्पीकरमध्ये सात फूट, आणि प्रत्येकापासून साहेबांच्या डोक्यापर्यंतही सातच. तीन बाजू सारख्या. काका गाणं लावतात, टेप धरतात, खोका दोन बोटं आत वळवतात, परत बसून ऐकतात. परत उठतात. वय साठीच्या पुढं आहे. गुडघ्याचा कटकट आवाज मला दोन वेळा ऐकू येतो, गाण्याच्या वरून.

मग साहेब एकदम म्हणतात, "अरे, ही इथं उभी आहे!" बोट दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या भिंतीकडे. तिथं काहीच नाही, कॅलेंडर आहे. १९३१ साली ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं स्टिरिओचं पेटंट मागितलं ते याच्यासाठी. सिनेमात नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं म्हणतात. गंगापूर रोडवर ते आज साडेअकराला जमलं.

काका फरशीवर खोक्यांच्या चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा करतात.

सकाळी ११.४०
पैसे. ठरले होते पाचशे. साहेब पाकीट उघडतात आणि थांबतात. "म्हणजे फक्त वायर उलटी होती?"

"वायर होती, आणि जागा."

तीनशे मिळतात. वर चहा, खारी, आणि फार मनापासून केलेलं कौतुक. काका नोटा खिशात घालतात. जिन्यात म्हणतात, "पार्ट बदलला की पैसे देतात. जागा बदलली की चहा देतात." यात राग नाही. बरेच दुरुस्तीवाले मग एखादी आयसी बदलली असं सांगून मोकळे होतात. काका होत नाहीत. मला हा त्यांचा चांगुलपणा वाटत नाही, हट्ट वाटतो.

दुपारी १२.३०
मेहेर सिग्नलवरून एम. जी. रोड. स्पीकरची वायर, जाड तांब्याची, ४५ रुपये मीटर. दहा मीटर. संध्याकाळच्या गिऱ्हाईकासाठी आहे, तो तेवढेच देणार. दुकानदार एक चकचकीत वायर दाखवतो, मीटरला सहाशे. काका हातात घेऊन बघतात. परत ठेवतात.

दोन लोखंडी अँगल आणि स्क्रू, २१० रुपये.

नाशिकवर लिहायचं तर मिसळ यायलाच हवी असा दंडक आहे. काकांच्या डब्यात मेथीची भाजी आणि दोन भाकरी होत्या. गाळ्यात बसून खाल्ल्या.

दुपारी २.४५
सराफ बाजार. मागच्या अंगाला जुना वाडा. दार ठेंगणं, आत चौक. आजोबा ऐंशीच्या वरचे. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर पूर्वी खाली ओटीवरच्या खोलीत होता, शहाबादी फरशीवर. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी बाजारात शिरलं. तेव्हा घाईघाईनं सगळं माडीवर नेलं. ते परत खाली आलं नाही. आणि तेव्हापासून सुई उड्या मारते.

काका माडीवर जातात आणि काहीच न करता खोलीत चालतात. चारच पावलं. रेकॉर्डवरची सुई थरथरते. माडीची जमीन लाकडी तक्तपोशीची, तुळयांवर. पाऊल पडलं की फळी दबते, फळीवरचं टेबल डुलतं, टेबलावरचा प्लेअर डुलतो. शिवाय दोन्ही स्पीकर त्याच टेबलावर. आवाज वाढवला की स्पीकर टेबल हलवतात, टेबल सुई हलवतं, सुईचा आवाज परत स्पीकरमध्ये जातो. घूं घूं घूं. आजोबांनी त्यासाठी दोन सुया बदलल्या. नवी सुई हजारांत जाते.

उपाय साधा, प्लेअर जमिनीवरून उठवून भिंतीला टांगायचा. पण वाड्याची भिंत मातीच्या विटांची. ड्रिल लावलं की भोक पडत नाही, खड्डा पडतो, प्लग धरत नाही. काका भिंत टकटक वाजवत जातात आणि खांबाशी थांबतात. सागवानी, हातभर घेराचा, खालपासून आढ्यापर्यंत एकसंध. अँगल त्याला लागतात. आधी बारीक भोक, मग स्क्रूला अंगाचा साबण चोळून पिळणं. जुनं सागवान स्क्रू सहज घेत नाही. शेवटचे तीन आटे काका दात आवळून फिरवतात. वर घरातलीच पाटाची फळी, तिच्यावर कडाप्प्याचा तुकडा, त्यावर प्लेअर. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कागदाच्या घड्या.

स्पीकर टेबलावरून खाली येतात. आजोबा गादीवर लोडाला टेकून बसतात, त्यांचा कान २८ इंचावर. सोफ्याचं माप इथं चालत नाही. प्रत्येक खोक्याखाली चार चार विटा पुरतात. विटा चौकातच पडलेल्या.

खोलीला मात्र काही करावं लागत नाही. गाद्या, पुस्तकांची कपाटं, जाड भिंती, लाकडी छत. छत खर्ज थोडा गिळतं, गाद्या बारीक आवाज गिळतात. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं हा विचार केला नव्हता, पण जमून गेलंय.

आजोबा बालगंधर्वांची एलपी काढतात. मूळ मुद्रण मोनो. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच यायला हवं आणि आवाज बरोबर मधोमध. काकांना याहून चांगली कसोटी नको. अ‍ॅम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबून ते एक खोका जरा सरकवतात. आजोबा मान डोलावत नाहीत, घड्याळाकडे बघतात. "आता डावीकडं एक अंगुळ," ते म्हणतात. काका एक अंगुळ देतात. "हं."

काका चार पावलं चालून दाखवतात. सुई जागची हलत नाही.

आठशे. अँगलसकट. आजोबा मोजून देतात, घासाघीस नाही.

संध्याकाळी ५.५०
मुंबई नाक्यावरून पाथर्डी फाटा. ट्रॅफिकमध्ये पस्तीस मिनिटं. नवी इमारत, सातवा मजला, नवरा-बायको दोघं नोकरीला. हॉल बारा फूट बाय दहा. मोठ्या टाइल, एक भिंत पूर्ण काच. उभे स्पीकर, नवे, महागडे. काका खोलीत मधोमध जाऊन एक टाळी वाजवतात. टाळीनंतर भिंतीभिंतीत एक तार झणझणते.

"घरात सतरंजी आहे? जाडशी काहीतरी?"

गोधडी निघते, सासरची. ती फरशीवर, स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये. परत टाळी. झणझण निम्मी. मग आरशाचं काम. ताई सोफ्यावर बसतात, काका बाजूच्या भिंतीला आरसा लावून सरकवत नेतात. "स्पीकर दिसला की सांगा." दिसला तिथं चिकटपट्टी. तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानात दुसऱ्यांदा येतो. तिथं पुस्तकांची मांडणी ठेवा, काचेवर जाड पडदा लावा. फोमच्या पट्ट्या विकत घेऊ नका.

नवऱ्याची तक्रार वेगळीच. सोफ्यावर बेस ढबढब, खुर्ची हॉलच्या मध्ये आणली तर गायब. तो अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय म्हणतो. काका त्याला हाताला धरून गाणं चालू असताना खोलीभर फिरवतात. बारा फूट लांबीत सेकंदाला साधारण ४७ कंपनांचा खर्ज दोन भिंतींमध्ये अचूक बसतो. भिंतीशी तो सगळ्यात जोरात, बरोबर मध्ये जवळजवळ नाही. सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला की बरंच निवळतं.

"दोन फूट?" ताई. "मग पाळणा कुठं ठेवायचा?"

पाळण्यापुढे ध्वनिशास्त्र चालत नाही. तडजोड निघते. फरशीवर पट्टीच्या दोन खुणा, एक रोजची, एक रविवारची. रविवारी सोफा पुढे, पाळणा बेडरूममध्ये. सातशे, वायरीचे वेगळे.

रात्री ८.१५
गाळा. पोरगा सकाळच्या जोडीचे १२०० हातात देतो. हिशेब वहीच्या मागच्या पानावर. आले ३,०००. गेले रिंगा ३८०, अँगल २१०, पेट्रोल १५०, पोराचे ४५०, चहापाणी ६०. उरले १,७५०. गाळ्याचं भाडं आणि वीज त्यात धरलेली नाही. असा तीन घरांचा दिवस रोज येत नाही.

फोन वाजतो. गंगापूर रोडचे साहेब. काका स्पीकरवर टाकतात, हात सोल्डरिंगमध्ये.

"काका, सकाळी छान वाजत होतं. आता परत बिघडलं बघा. उजवीकडून नुसतं ढब ढब. तुमची वायर ढिली झाली का?"

"पाहुणे आले होते का?"

"हो, संध्याकाळी. का?"

"स्पीकर कुठंय आता?"

पलीकडे जरा शांतता. मग काकूंचा आवाज, लांबून, "अहो, येण्याजाण्याच्या वाटेत येत होता तो."

"साहेब, फरशीवर पट्टी चिकटवलीय, तिच्यावर आणा परत. फोन चालू ठेवा."

खोका सरकण्याचा आवाज. काहीतरी पडतं, बहुधा कुंडी. मग गाणं. "आलं," साहेब म्हणतात.

फोन ठेवल्यावर मी विचारतो, याचे पैसे का नाही मागितले.

"पट्टीचे सकाळीच घेतले की," काका म्हणतात आणि पोराला दुसरा आयर्न तापवायला सांगतात.