शेतालाही नाव असतं!

तुम्हाला नाव आहे, तुमच्या गावाला नाव आहे. पण शेतालाही नाव असतं, ठाऊक आहे का? घरी सातबाराचा उतारा असेल तर बाबांकडून मागून पाहा. त्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असं छापलेलं सापडेल. पुढे काही लिहिलंय का, तेही बघा हं!

आता पेण-रोह्याकडे येऊ. पनवेलहून पेणला जाताना खारपाडा लागतो. रोहे तालुक्यात यशवंतखार आहे. या ‘खार’चा झाडावरच्या खारीशी काही संबंध नाही बरं का! खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं अडवून मिळवलेली भातजमीन, ती खार. भरतीचं पाणी बाहेर राहावं आणि पावसाचं ओहोटीला निघून जावं, म्हणून बांधात दार ठेवतात, ती उघाडी. नव्या खारीत लगेच भात होत नाही. आधी मातीतलं मीठ पावसानं धुऊन जावं लागतं. खाडीकाठची दलदल म्हणजे खाजण आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन म्हणजे वरकस.

पेणहून अलिबागला जाताना धरमतर येतं. ‘तर’ म्हणजे होडीनं पलीकडे जाण्याची जागा. आज आपण पुलावरून भुर्रकन जातो. नाव मात्र होडीतच बसलंय!

पण नावं हवीत कशाला? बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं. तो वेळेवर बांधला नाही, तर शेतात तिवरं उगवतात. पेणच्या खारेपाटात अशी कितीतरी शेतं गेली. तिथं ना बांध दिसतो, ना वाट. आपलं शेत कुठलं, हे सांगायला नावच उरतं. तेही आजोबांना पाठ, बाबांना अर्धवट, आणि तुम्हाला?

दूर आयर्लंडमध्येही हाच प्रश्न होता. तिथल्या मीथ परगण्यातल्या लोकांनी शेताशेतांची नावं गोळा केली आणि २०१३ साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. माणसं आता इंग्रजी बोलतात, पण काही शेतांची नावं अजून जुन्या आयरिश भाषेतच आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत एक वही घ्या आणि आजोबांबरोबर बांधावरून फिरा. शेताचं नाव, ते का पडलं, शेजारी कुणाचं शेत, सगळं लिहा. आजीला मात्र वेगळं विचारा. तिच्या माहेरच्या शेतांची नावं तिलाच ठाऊक असतात!