पांढऱ्यावरची रेघ

"ताई, हा केस आहे का हो कळीवर?" मोगऱ्याच्या कानातल्यांचा जोड परत देताना नवरीच्या बहिणीनं विचारलं. भिंग लावून पाहिलं तर तो केस नव्हता. कळीच्या आतून वर आलेली करडी रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. क्ले हातात घ्यायच्या आधी मी हात साबणानं धुतले होते, ओट्यावरची टाइल पुसली होती, पंखासुद्धा बंद ठेवला होता. तरी रेघ आली. ती कुठून आली ते शोधायला मला चार दिवस लागले, आणि सापडली ती पास्ता मशीनच्या पोटात.

पॉलिमर क्ले हाताला लागते मातीसारखी, पण माती नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, मुख्यतः एवढंच तिच्यात असतं. ती हवेवर वाळत नाही. ब्रँड पाहून साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसला भाजली की घट्ट होते. भाजेपर्यंत मात्र तिचं अंग किंचित चिकट राहतं आणि आसपासचा कण न् कण ती उचलते. काळ्या क्लेत शंभर कण खपून जातात, पांढरीत एकही खपत नाही.

मशीन मुळात इटालियन स्वयंपाकघरातलं, पास्त्याची कणीक लाटायचं. दोन गुळगुळीत रोलर, बाजूला हँडल, जाडी ठरवायला आकड्यांची चकती. क्ले मळायला, दोन रंग एकजीव करायला आणि सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी काढायला यासारखं दुसरं साधन नाही. पोळपाटावर लाटलं तर मधे जाड, कडेला पातळ होतंच. एकदा क्ले फिरवलेलं मशीन पुन्हा खाण्याच्या पदार्थाला वापरायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळलाय.

तर ते मशीन मी जुन्या चादरीवर उलटं ठेवलं आणि टॉर्च मारला. प्रत्येक रोलरला खालून एक पात घासून बसलेली असते. पट्टी रोलरला गुंडाळली जाऊ नये, सुटून खाली यावी, म्हणून ती पात. तिच्या मागच्या बाजूला गणपतीच्या आधी केलेल्या जास्वंदीची लाल क्ले थापून बसली होती, वर निळी, वर कसली तरी हिरवी. वरून रोलर आरशासारखे चकचकीत, आणि खाली हा थर. सुईनं खरवडला तर पापुद्रे निघाले. पण माझी रेघ लाल नव्हती, करडी होती. ती मिळाली रोलरच्या दोन्ही टोकांना, जिथे रोलर बाजूच्या पत्र्याला भिडतो. तिथे बोट फिरवलं तर काजळासारखं काळं, तेलकट काहीतरी लागलं. धातू धातूवर घासून निघालेली भुकटी आणि आतलं वंगण.

म्हणजे मळ दोन जातींचा, आणि दोन्हींची ओळख वेगळी. आधीच्या रंगाचा उरलेला कण पट्टीवर कुठेही उमटतो आणि ठिपक्यासारखा दिसतो. धातूची काजळी कडेला येते, लाटण्याच्या दिशेनं लांब ओढलेली. ती पट्टी दुमडली की कडेची रेघ आत जाते, पुन्हा लाटली की पसरते, आणि कळी वळेपर्यंत नेमकी कुठे लपली ते कळत नाही. आता मी पट्टी रोलरच्या पूर्ण रुंदीला कधीच जाऊ देत नाही. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडते. एवढ्या एका सवयीनं माझा निम्मा त्रास संपला.

साफ करताना पाणी अजिबात नको. आतले दाते गंजतात, मग त्या गंजाचेच डाग सोसायचे. माझ्या मशीनची पाती स्क्रू काढून सुटतात, त्यामुळे महिन्यातून एकदा ती काढून पुसते. रोजच्या कामात टिश्यू पेपरची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर करायची, जुन्या व्हिजिटिंग कार्डावर गुंडाळायची, खालून रोलरला टेकवायची आणि हँडल सावकाश फिरवायचं. पहिली घडी रंगीत निघते, दुसरी फिकट, तिसरी बहुधा कोरी. मग सुका कागद. गॅस पेटलेला असताना हे काम करत नाही, कारण अल्कोहोल झटकन पेट घेतं. सुरीचं टोक तर कधीच लावायचं नाही. रोलरवर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक पट्टीवर उमटतो.

शेवटी पांढऱ्या क्लेचा टाकाऊ तुकडा पाच-सहा वेळा फिरवते. आधी पडलेले डाग यात पुसले जातात, आणि मशीन खरंच स्वच्छ झालंय की नाही तेही कळतं. तो तुकडा पांढराच बाहेर आला की मगच कळ्यांची क्ले उघडायची. दिवसाचा क्रमही तसाच: पांढरा, मग अबोली, मग हळदी, हिरवा, आणि सगळ्यांत शेवटी लाल आणि काळा. लाल सर्वांत वाईट. तो बोटांच्या रेषांत बसतो आणि साबणाला दाद देत नाही, म्हणून हातांवरही पांढरा तुकडा चोळून घ्यावा लागतो.

उरतो तो कपड्यांचा धागा. गडद कुर्ता घालून पांढरं काम केलं की निळसर तंतू हमखास सापडतात, म्हणून मोगऱ्याच्या दिवशी मी जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला पांढरा सुती कुर्ता घालते, ओढणी नाही. पट्टी मशीनमध्ये सरकवायच्या आधी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहते. वर पडलेला तंतू सुईच्या टोकानं अलगद उचलता येतो. रोलरमधून गेला की तो आत दाबला जातो आणि मग क्ले खणावी लागते. ठाण्याच्या एप्रिलमध्ये हे सगळं दुप्पट जपावं लागतं, कारण उन्हाळ्यात क्ले ढिली पडते आणि पातीला जास्त चिकटते. अशा वेळी पट्टी दोन कोऱ्या कागदांत दाबून रात्रभर ठेवते. कागद जादा प्लास्टिसायझर शोषून घेतो आणि सकाळी क्ले पुन्हा कह्यात येते.

नवरीच्या बहिणीला मी नवा जोड करून दिला. त्यासाठी वीस कळ्या वळल्या आणि त्यातल्या सहा निवडल्या. साफसफाईत निघालेले मळके तुकडे टाकून देत नाही. त्यांचा एक करडा गोळा डब्यात ठेवलाय. मोठे मणी करायचे असले की तो आतला गाभा होतो, आणि वर स्वच्छ क्लेची पातळ पट्टी चढते.