ट्रॅक्टरच्या पुढील चाकांची मांडणी : शेतात व सडकेवर

वऱ्हाडातील ट्रॅक्टरास दोन प्रकारचे काम करावे लागते. सकाळी काळ्या जमिनीत वखरणी व सायंकाळी कापसाची ट्रॉली घेऊन बाजारपेठेची वाट, हा हंगामातील नेहमीचा क्रम होय. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. अशा गुळगुळीत सडकेवर वेग सहज वाढतो. आणि शेतात न जाणवणारा चाकांचा दोष तेथे जिवावर बेतू शकतो.

ट्रॅक्टरच्या पुढील आसास बहुधा मोटारीप्रमाणे स्प्रिंगा नसतात. आस मधोमध एका खिळीवर डोलतो. चाकांचा उभा कल कारखान्यातच ठरलेला असतो. शेतकऱ्याच्या हाती राहते ते ‘टो-इन’, म्हणजे दोन्ही चाकांची पुढील बाजू मागील बाजूपेक्षा किंचित जवळ ठेवणे. चालताना जमिनीचा रोध चाकांना बाहेर फाकवितो. टो-इन असल्यास ती सरळ रेषेत धावतात. टो-इन अधिक झाल्यास टायरची बाहेरील कड झिजते. चाके फाकलेली असल्यास आतील कड झिजते व स्टिअरिंग भरकटते.

मोजणी अशी करावी. प्रथम टायरमध्ये पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा भरावी. किंग पिन, टाय रॉडचे सांधे व चाकाचे बेअरिंग ढिले असल्यास ते आधी दुरुस्त करावे. ढिल्या सांध्यावर केलेली मोजणी व्यर्थ होय. ट्रॅक्टर सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभा करावा. आसाच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यावर पुढून खडूची खूण करून त्यांतील अंतर मोजावे. ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आणाव्या व पुन्हा मोजावे. पुढे १२४.० व मागे १२४.५ सेंटिमीटर भरल्यास टो-इन ५ मिलिमीटर समजावे. प्रत्येक बनावटीचे योग्य माप निराळे असते. ते पुस्तिकेत पाहावे.

फरक आढळल्यास टाय रॉडची लॉक नट सैल करून रॉड फिरवावा. दोन रॉड असल्यास ते सारखेच फिरवावे, नंतर नट घट्ट आवळून पुन्हा मोजावे. डवरणीसाठी चाकांमधील अंतर बदलले, अथवा चाक धुऱ्यावर वा दगडावर आदळले, तर ही तपासणी अवश्य करावी.

शेतासाठी व सडकेसाठी टो-इन वेगळे ठेवावे लागत नाही. मात्र सडकेवर येताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडावे. ट्रॉलीचा भार पुढे-मागे समतोल ठेवावा. हुकावर अति दाब पडल्यास पुढील चाके हलकी होतात, आणि मग अचूक मांडणीही उपयोगी पडत नाही. ग्रामसेवकांनी कापूस वेचणीपूर्वी गावातील ट्रॅक्टर एका जागी आणवून ही मोजणी शेतकऱ्यांकडूनच करवून घ्यावी. खडू, फीत व अर्धा तास एवढेच त्यास पुरेसे आहे.