उतारवयातला हात आणि त्याचं हत्यार



आजचा विषय साधा आहे, पण घराघरातला आहे. माणूस साठी-पासष्टीच्या पुढे गेला, हाताचा झपाटा कमी झाला, की त्याच्या हातात कसलं हत्यार द्यावं? करवीर तालुक्यात गडमुडशिंगी, चिंचवाड, वळिवडे, उचगाव या पट्ट्यात ऊस पुष्कळ. नांगरट ट्रॅक्टरनं होते, भरणीला पॉवर टिलर येतो. तरीही पाट फोडणं, दारं धरणं, बांध नीट करणं, कडेचं झुडूप तोडणं ही कामं हातानंच होतात, आणि बहुधा घरातली वडीलधारी माणसंच ती करतात. मग एक दिवस मुलगा म्हणतो, “आबा, ऱ्हाऊ द्या आता, तुमच्यानं हुईत न्हाई.” आबा गप्प बसतात. खरं म्हणजे आबांच्यानं काम होत नसतं असं नाही. पुष्कळदा हातातलं हत्यार त्यांच्या तिशीतलं असतं आणि हात सत्तरीतला असतो.

या प्रश्नाचा अतिशय बारीक अभ्यास एका खेळात झाला आहे. त्या खेळाचं नाव गोल्फ. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल. पण फौजेत नोकरी करून आलेल्या मंडळींनी छावणीच्या गावी त्याचं हिरवं मैदान पाहिलेलं असेल. भारतात हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. विटी-दांडू ज्यानं खेळला आहे त्याला हा खेळ समजायला वेळ लागत नाही. विटीच्या जागी सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा टणक चेंडू, आणि दांडूच्या जागी टोकाला डोकं असलेली लांब काठी. चेंडू टोलवत टोलवत दूरच्या एका लहान भोकात घालायचा. पहिला लांब टोला मारायला जी सर्वांत लांब काठी घेतात तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. तिची लांबी सुमारे ४५ इंच आणि डोक्याचं वजन सुमारे २०० ग्रॅम असतं.

हा खेळ म्हातारपणीही पुष्कळ लोक खेळतात. त्यामुळे सावकाश फिरणाऱ्या हाताला कोणती काठी द्यावी, हा तिथे रोजचा प्रश्न आहे. पट्टीच्या खेळाडूच्या काठीचं डोकं चेंडूला लागताना ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं. सत्तरीच्या माणसाचा वेग बहुधा १३० किंवा त्याहूनही कमी असतो. असं का होतं? वय वाढतं तसे स्नायू बारीक होतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्यातली एक गोष्ट दिसत नाही. चटकन आकसणारे जे स्नायुतंतू असतात ते अधिक झिजतात. म्हणून जोर कमी होण्याच्या आधी झपाटा कमी होतो. म्हातारा माणूस पोतं धरून ठेवील, पण कुऱ्हाड पूर्वीच्या वेगानं फिरवू शकणार नाही.

आता पहिला मोह असा होतो, की हात हळू झाला तर हत्यार जड घ्यावं, म्हणजे मार जोरात बसेल. इथेच चूक होते. ठोक्यातली ऊर्जा वजनावरही अवलंबून असते आणि वेगावरही, पण सारखी नाही. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. जड डोक्यानं हात आणखी हळू झाला, तर एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं गेलं. म्हणून गोल्फमध्ये म्हाताऱ्याची काठी जड न करता हलकी करतात. पूर्वी काठीचा दांडा पोलादी असे आणि त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जाई. आता कार्बनच्या धाग्यांचा दांडा ५० ते ६० ग्रॅमचा मिळतो. शिवाय तो थोडा लवचीक निवडतात, कारण कडक दांडा वाकवण्याइतका झपाटा त्या हातात नसतो.

दुसरी गोष्ट काठीच्या डोक्याच्या कलतेपणाची. जोरकस खेळाडूचं डोकं ९-१० अंश मागे कललेलं असतं, तर हळू हातासाठी ते १२ अंश किंवा त्याहून जास्त ठेवतात. याचं कारण शेतकऱ्याला सांगायला नको. पाण्याच्या पाइपाला जोर असला की धार आडवी धरली तरी लांब जाते. जोर कमी झाला की पाइपाचं तोंड वर करावं लागतं. चेंडूचंही तसंच. हळू निघालेला चेंडू लवकर जमिनीवर येतो, म्हणून त्याला आधी उंच चढवावा लागतो.

तिसरी गोष्ट लांबीची. लांब काठीचं टोक वेगानं फिरतं हे खरं, पण चेंडू डोक्याच्या मधोमध बसणं अवघड होतं, आणि कडेला बसलेला टोला वाया जातो. म्हणून जाणते लोक म्हाताऱ्याला अर्धा-एक इंच आखूड काठी घेऊन पाहायला सांगतात. चौथी गोष्ट मुठीची. सांधे दुखत असतील तर मूठ जरा जाड करतात, म्हणजे फार आवळून धरावं लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. काठीच्या डोक्याचं आकारमान ४६० घनसेंटिमीटरच्या वर नसावं आणि त्याचा पत्रा किती उसळी देतो यालाही मर्यादा असावी, असे या खेळाचे नियम आहेत. तेव्हा दर वर्षी नवी काठी आली म्हणून टोला दर वर्षी वाढत नाही. फायदा होतो तो काठी हाताला जुळली म्हणजे.

श्रोतेहो, आता हे सगळं आपल्या बांधावर आणू या.

प्रथम कुदळ. जड कुदळ वरून पडताना स्वतःच्या वजनानं काम करते, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण ती वर उचलतो कोण? हिशेब करून पाहा. कुदळीचं लोखंड दोन किलोचं आहे आणि आबा मिनिटाला दहा घाव घालतात. तासाला सहाशे घाव झाले. म्हणजे तासाभरात त्यांनी बाराशे किलो, म्हणजे बारा क्विंटल लोखंड उचललं. तेच लोखंड दीड किलोचं असतं तर नऊ क्विंटल झालं असतं. अर्ध्या किलोनं तीन क्विंटलांचा भार वाचला. हलक्या कुदळीनं ढेकूळ लहान निघेल, घाव चार जास्त घालावे लागतील. पण संध्याकाळी कंबर शाबूत राहील. वाफसा पाहून खणलं तर जास्तीचे घावही लागत नाहीत.

आता दांड्याची लांबी. इथे हत्यारांचे दोन वर्ग करायला हवेत. कुदळ आणि कुऱ्हाड ही उचलून मारायची हत्यारं. यांचा दांडा जितका लांब, तितकं टोकाचं लोखंड हाताला जड वाटतं, आणि हे जडपण लांबीच्या वर्गानं वाढतं. साडेतीन फुटांचा दांडा तीन फुटांवर आणला, तर लोखंड तेच असूनही फिरवायला सुमारे चौथाईनं हलकं होतं. घाव थोडा हळू बसेल, पण नेमका बसेल. खोरं हे मात्र ओढायचं हत्यार. त्याचा दांडा आखूड असला तर माणूस दिवसभर वाकून राहतो. दारं धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या खोऱ्याला लांब दांडा घालावा, म्हणजे पाठ जवळजवळ सरळ ठेवून पाट फोडता येतो.

गोल्फमध्ये जसा डोक्याचा कल, तसा आपल्याकडे पात्याचा दांड्याशी असलेला कोन. खोऱ्याचं पातं फार मिटलेलं असलं तर ते मातीत रुततं आणि ओढायला जड जातं. फार उघडलेलं असलं तर मातीवरून सरकतं आणि माणसाला आणखी वाकावं लागतं. दांडा लांब केला की हा कोनही पुन्हा पाहावा लागतो. गावातला लोहार पातं तापवून तो बदलून देतो. त्यासाठी नवं खोरं घ्यायची गरज नसते. कुऱ्हाडीच्या बाबतीत धार हीच निम्मी ताकद. बोथट कुऱ्हाडीला जोर लागतो, आणि जोर तर आपल्याला वाचवायचा आहे.

दांड्याचं लाकूडही पाहावं. बाभळीचा दांडा चिवट, पण जड. कुदळ-कुऱ्हाडीला तोच बरा, कारण तिथे दणका बसतो. खोऱ्याला चांगला भरीव बांबू चालतो आणि तो हलका असतो. ओल्या लाकडाचा दांडा कधी घालू नये. तो आधी जड असतो, आणि वाळला की आकसून पातं ढिलं होतं. ढिलं पातं निसटून कोणाच्या पायावर किंवा डोक्यावर बसलं तर केवढा अनर्थ! पाचर घट्ट आहे की नाही, हे रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावं. मूठ मिटली असता अंगठा बोटांच्या टोकांना सहज भेटावा, इतकीच दांड्याची जाडी असावी. बोटं दुखत असतील तर धरायच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. पकड सुटत नाही आणि हातालाही हिसका कमी बसतो.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. यातले दोन प्रयोग शाळेत विनाखर्च होतात. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. सारख्या वजनाचे दोन दगड फडक्यात बांधा. एक दगड मुठीजवळ बांधा, दुसरा टोकाला. मुलांना मोकळ्या जागेत, इतरांना दूर उभं करून, दोन्ही काठ्या हळूहळू फिरवायला सांगा. वजन तेच, पण टोकाचा दगड हाताला किती ओढतो ते प्रत्येकाला कळेल. दुसरा प्रयोग, कुदळ आडवी करून एका बोटावर तोलायची. तोल जिथे साधतो ती जागा पात्याच्या जितकी जवळ, तितकं हत्यार टोकाला जड. मग मुलांना घरी पाठवा आणि आजोबांची कुदळ तोलून यायला सांगा. पदार्थविज्ञानाचा धडा घरापर्यंत पोहोचेल.

शेवटी निवड कोणी करायची? गोल्फची काठी घेताना म्हातारा स्वतः पाचपन्नास टोले मारून पाहतो आणि मग ठरवतो. आपल्याकडे मात्र मुलगा बाजारातून कुदळ आणतो आणि वडिलांच्या पुढ्यात टाकतो. तसं करू नये. ज्याचा हात, त्याची पसंती. लोहाराकडे किंवा दुकानात त्यांनाच बरोबर न्यावं. एकदा उचलून पाहून काही कळत नाही. पहिल्यांदा सगळंच हलकं लागतं. शक्य तर कोणाचं तरी तसलंच हत्यार मागून आणून शेतात पाव तास काम करून पाहावं. पाव तासानंतर श्वास आवरता येत असेल, मनगट थरथरत नसेल आणि घाव ठरल्या जागी पडत असेल, तर ते हत्यार जुळलं. काम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हात बधिर झाला, तर मात्र हत्याराचा विचार सोडून डॉक्टरांकडे जावं.

म्हाताऱ्या माणसाला कामातून उठवणं सोपं असतं. पण ज्यानं जन्मभर ती जमीन कसली, त्याला बांधावरून घरी बसवलं की तो मनानंही बसतो. उलट त्याच्या हाताला झेपेल असं खोरं दिलं, तर दोन तास का होईना, तो आपल्या उसाला पाणी पाजून येतो आणि रात्री समाधानानं जेवतो. दांडा बदलायला फार पैसे लागत नाहीत. थोडं लक्ष लागतं. ते आपण द्यावं.