खरं आहे, पण ते उत्तर नाही

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. समोरचा राज्यसेवेचा अभ्यास करत असो की वनरक्षक, तलाठी भरतीचा, तर्काच्या प्रश्नांचा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर येतो : "चारपैकी जो पर्याय खरा वाटतो, त्याच्यावर गोल करायचा. जास्त डोकं लावलं की चुकतं." सीनियर हा सल्ला ज्युनियरला देतो, ज्युनियर दोन वर्षांनी सीनियर होतो आणि तोच सल्ला पुढच्याला देतो. मार्क मात्र दोघांचेही जातात.

आधी हे प्रश्न येतात कुठे ते पाहू. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून जो सीसॅटचा पेपर आहे, त्यात ८० प्रश्न आणि २०० गुण असतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतला पेपर दोन त्याच वळणाचा. बारावीनंतर नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं तर क्लॅट द्यावी लागते. तिच्यात तर्काचा स्वतंत्र विभाग आहे आणि युक्तिवाद ओळखणं, त्याचे आधार व निष्कर्ष वेगळे काढणं हे त्यात तपासलं जातं. व्यवस्थापनाच्या जीमॅटमध्येही हेच प्रश्न, भाषा तेवढी इंग्रजी. परीक्षा कोणतीही असो, घाट एकच. चार-पाच ओळींत कोणीतरी काहीतरी पटवून देत असतं आणि खाली विचारलेलं असतं : यातलं गृहीतक कोणतं? निष्कर्ष कोणता? कोणत्या विधानाने हा युक्तिवाद कमकुवत होतो?

नमुन्यादाखल मीच बेतलेला एक प्रश्न घ्या. विषय मुद्दाम घरचा निवडला आहे.

"एका जिल्ह्यात दारूबंदी लागू झाल्यानंतरच्या पाच वर्षांत दारूसंबंधी नोंदवलेले गुन्हे आधीच्या पाच वर्षांच्या दुपटीहून अधिक झाले. यावरून स्पष्ट होते की, बंदीमुळे जिल्ह्यातील दारूचे सेवन वाढले." पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करते?

अ) दारूच्या अतिसेवनाने यकृताचे गंभीर आजार होतात.
ब) बंदीपूर्वी परवानाधारक दुकानांतून होणारी विक्री कायदेशीर असल्याने तिची गुन्हा म्हणून नोंद होत नव्हती.
क) बंदीच्या मागणीसाठी जिल्ह्यातील महिलांनी मोठे आंदोलन उभारले होते.
ड) शेजारच्या जिल्ह्यातही बंदी आहे आणि तिथेही चोरटी विक्री चालते.

आता "खरं ते बरोबर" हा मंत्र लावा. 'अ' खरं आहे, कोणताही डॉक्टर सांगेल. 'क' वाचून चिमूर-मूलकडच्या मुलाला आपल्या आईचा मोर्चा आठवेल. 'ड' तर गडचिरोलीचंच वर्णन, तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. 'ब'ही खरंच. चारही विधानं खरी निघाली! मग गोल कुठे करायचा?

प्रश्नातले दोन शब्द पुन्हा वाचा : "खरे मानल्यास". परीक्षकाने आधीच सांगून टाकलं आहे की चारही पर्याय खरे धरा. खरेखोटेपणा सगळ्यांना सारखाच वाटून दिला, म्हणजे निवडीसाठी त्याचा उपयोग शून्य. तरीही पोरं त्याच कसोटीवर अडून बसतात आणि नंतर "प्रश्नच वादग्रस्त होता" म्हणून हरकत नोंदवायला निघतात. प्रश्नात वाद काहीच नसतो, तो वाचलेला नसतो.

उत्तर 'ब' आहे. का, ते बघण्यासाठी युक्तिवादाचे सांधे सुटे करावे लागतात. आधार : नोंदवलेले गुन्हे वाढले. निष्कर्ष : सेवन वाढलं. आधार गुन्ह्यांबद्दल बोलतो आणि निष्कर्ष पिण्याबद्दल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीवर उडी मारताना लेखकाने मनात एक गोष्ट धरली, पण लिहिली नाही. ती अशी की, गुन्ह्यांचा आकडा पिण्याच्या प्रमाणात हलतो. हेच गृहीतक. 'ब' नेमकं तिथे बोट ठेवतं. काल जी बाटली दुकानातून बिलासह मिळत होती, तीच आज विकली तर गुन्हा. पिणं तेवढंच राहिलं, अगदी कमी झालं, तरी गुन्ह्यांचा आकडा फुगणारच.

'अ'ला ना गुन्ह्यांशी देणंघेणं, ना सेवन वाढलं की घटलं याच्याशी. 'क' बंदी कोणाला हवी होती ते सांगतं, बंदीने काय झालं ते नाही. 'ड' सर्वांत फसवं, कारण विषय तोच आहे. पण शेजारी चोरटी विक्री चालते यावरून इथलं सेवन बंदीमुळे वाढलं नाही, असं काही ठरत नाही. उलट, बंदीने दारू थांबत नाही या म्हणण्याला ते हात देतं. कमकुवत करणारं विधान मागितलं आणि आपण टेकू देणारं उचललं.

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती उठवण्याचा निर्णय घेतला, आणि त्या वेळी अवैध विक्री आणि वाढलेले गुन्हे हे मुद्दे ठळकपणे मांडले गेले. बंदी उठवणं योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही आणि परीक्षेचाही नाही. पण आपल्याकडे या विषयावर मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही, आणि घात होतो तो तिथेच. बंदीच्या बाजूचा विद्यार्थी 'क'वर जातो, विरोधातला 'ड'वर. दोघेही प्रश्न सोडून चौकातल्या वादाचं उत्तर देत असतात. त्यांच्यासाठी एक उलटी परीक्षा : "बंदी उठली, दारूचे गुन्हे कमी नोंदले गेले, म्हणजे लोक कमी पिऊ लागले" हा युक्तिवाद पटतो का? त्यातला तुटका सांधा अगदी तोच आहे. एका बाजूची चूक दिसते आणि दुसऱ्या बाजूची दिसत नाही, तोवर तुम्ही रचना वाचत नसून बाजू वाचत आहात.

"मग खरेपणाला किंमतच नाही का?" आहे, पण कोणत्या प्रश्नात कशाला खरं धरायचं ते ठरलेलं असतं. कमकुवत किंवा सबळ करणाऱ्या प्रश्नात पर्याय खरे धरायचे आणि संशय युक्तिवादावर घ्यायचा. निष्कर्षाच्या प्रश्नात याच्या उलट : उतारा खरा धरायचा आणि संशय पर्यायांवर. यूपीएससीच्या पेपरात उताऱ्यांच्या वर सूचनाच छापलेली असते की उत्तरं केवळ उताऱ्याच्याच आधारे द्यावीत. ती ओळ कोणी वाचत नाही, कारण ती दरवर्षी तीच असते.

समजा उतारा असा : "राष्ट्रीय व्याघ्रगणनेनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्रात अंदाजे ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये हा अंदाज ४४४ वर गेला." पर्याय एक : राज्यातील वाघांचा अंदाजित आकडा या काळात शंभराहून अधिक वाढला. पर्याय दोन : राज्यातील सर्वाधिक वाघ ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आहेत. आपल्याकडचा मुलगा दुसऱ्यावर झडप घालतो. मोहर्लीच्या गेटवरचं पोरही ते सांगेल! पण उताऱ्यात ताडोब्याचं नाव तरी आहे का? पहिला पर्याय साध्या वजाबाकीने निघतो, १३२. तोच उत्तर. पुण्याच्या मुलाला ताडोब्याची एवढी माहिती नसल्यामुळे तो इथे कमी चुकतो. आपली माहिती जास्त, म्हणून आपला मोह जास्त.

गृहीतकाच्या प्रश्नासाठी एक खात्रीची चाचणी आहे : पर्याय नकारात फिरवून बघा. "गुन्ह्यांची नोंद सेवनाच्या प्रमाणात होत नाही" असं म्हटलं की वरचा युक्तिवाद कोसळतो, म्हणजे ते गृहीतक पक्कं. "दारूने यकृत बिघडत नाही" असं म्हणून पाहा. युक्तिवादाला धक्काही लागत नाही. म्हणजे ते गृहीतक नव्हे, मग विधान शंभर टक्के खरं का असेना.

आता बाकीचे गैरसमज. हे तुलनेने किरकोळ, म्हणून थोडक्यात.

गैरसमज : युक्तिवाद कमकुवत झाला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला.
वस्तुस्थिती : नाही. 'ब'मुळे एवढंच कळतं की या आधारावरून तो निष्कर्ष निघत नाही. सेवन खरोखर वाढलेलंही असेल, पण ते दाखवायला वेगळा पुरावा लागेल.

गैरसमज : 'म्हणून'नंतर येतो तो निष्कर्ष.
वस्तुस्थिती : "बंदी उठवायलाच हवी, महसूल बुडतोय, चोरटी दारू वाढतेय." इथे 'म्हणून' कुठेच नाही आणि निष्कर्ष सर्वांत आधी आला आहे. दोन वाक्यांमध्ये 'कारण' घालून पाहा. ज्याच्या पुढे 'कारण' चपखल बसतं, ते वाक्य निष्कर्ष.

गैरसमज : 'सर्व', 'फक्त', 'एकही नाही' असे शब्द दिसले की पर्याय खोडायचा.
वस्तुस्थिती : उताऱ्यात "सफारीच्या प्रत्येक गाडीत गाइड सक्तीचा" असं असेल, तर "गाइडविना एकाही गाडीला परवानगी नाही" हा पर्याय बिनचूक आहे. टोकाचा शब्द चालतो की नाही हे उतारा ठरवतो.

गैरसमज : वाक्य उलटं केलं तरी अर्थ तोच.
वस्तुस्थिती : मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला आणि आग आवरली नाही, तर वणवा लागतो. पण वणवा लागला म्हणजे कोणीतरी मोहाखालचा पाला पेटवलाच असेल, असं होत नाही. उन्हाळ्यात जंगल पेटायला इतरही कारणं पुरतात. ही उलटापालट पेपरात दरवर्षी वेश बदलून येते.

गैरसमज : हे इंग्रजी माध्यमवाल्यांचं काम आहे.
वस्तुस्थिती : न्यायदर्शनात युक्तिवादाचे पाच अवयव फार पूर्वीच मांडले गेले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असेलच असं नाही, हे सांगायला नैयायिकांनी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केला. वरचा उलटापालटीचा मुद्दा तो हाच. त्यांच्यापैकी कोणीही इंग्रजी माध्यमात शिकलेला नव्हता.

गैरसमज : पेपर दोन फक्त पास व्हायचा, शेवटच्या महिन्यात बघू.
वस्तुस्थिती : २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. यूपीएससीत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे "खरं वाटलं, केला गोल" हा प्रकार खिशातून पैसे देऊन केलेला जुगार ठरतो. आणि ६६ च्या खाली घसरलात, तर पेपर एकमध्ये कितीही गुण मिळवले असले तरी गुणवत्तेच्या हिशेबात ते धरलेच जात नाहीत. तेव्हा उद्यापासून पर्याय हाताने झाका, निष्कर्षाखाली रेघ ओढा, आधार आणि निष्कर्ष यांच्यात काय गाळलंय ते एका ओळीत लिहा आणि मगच हात काढा. पहिल्या आठवड्यात यात वेळ जास्त जाईल. जाऊ द्या.