कातारी आणि त्याचा अंतेवासी

वयाच्या ५८ व्या वर्षी आम्ही सेवानिवृत्त झालो. इतिहास शिकविण्यात हयात गेली होती. खडूवाचून दुसरे साधन हाती आलेच नव्हते. तालुक्याच्या गावी लाटणी, रवी, बाजेचे खूर कातून देणारे एक वृद्ध कातारीबाबा होते. त्यांच्याकडे आम्ही वर्षभर शिकलो. घराबाहेरचा त्यांचा पहिला शिष्य आम्हीच. आता दर शनिवारी दुपारी ही कला आम्ही वसतिगृहातील इच्छुक मुलामुलींना शिकवितो.

सुतारकामात लाकूड स्थिर असते व हत्यार चालते. कातकामात लाकूड फिरते आणि पटाशी टेकूवर धरलेली असते. पटाशी दाबावयाची नसते. पात्याची उतरती बाजू प्रथम लाकडावर टेकवावी, मग मूठ हळूहळू उचलावी. पाते नीट लागले की भुशाऐवजी लांब, सलग साल निघते. घाई केली की पाते रुतते. आमची पहिली तीन लाटणी अशीच वाया गेली.

यंत्र सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून पाहावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ओढणी, सैल बाही वा हातमोजे नकोत. टेकू सरकवावयाचा असल्यास यंत्र आधी बंद करावे. रंगासाठी सावंतवाडी व चन्नपट्टण येथील कारागिरांची रीत आम्ही घेतली आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. नंतर केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणावी.

एकदा एका पालकांनी विचारले, "सर, आमच्या आज्यापणज्यांची हयात राबण्यात गेली. पोरीच्या हाती पुस्तक यावे म्हणून तिला इथे ठेवली. तुम्ही पटाशी दिलीत?"

प्रश्न रास्त होता. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. तिच्यात धंदा जन्माने गळ्यात पडतो. आवड वा कुवत कोणी विचारीत नाही. म्हणून आमचा नियम असा : अभ्यास आधी, कातकाम स्वेच्छेने, आणि नकोसे वाटेल त्या दिवशी सोडण्याची मोकळीक. ज्या कामातून बाहेर पडता येते, तेच काम माणूस मान ताठ ठेवून करू शकतो.

सतिपट्ठान सुत्तात श्वासाविषयीची सजगता समजाविताना तथागतांनी कातारीचीच उपमा दिली आहे. लांब ओढ घेताना ती लांब आहे आणि आखूड घेताना आखूड आहे, याचे भान कुशल कातारीला असते. त्या उपमेत कातारीसोबत त्याचा अंतेवासीही आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. त्यासाठी कातारीच्याच पोटी जन्मावे लागत नाही. निवासी शाळेतील मुलांना याहून समर्पक नाव कोणते?

पुढच्या भेटीत त्या पालकांना मुलीने स्वतः कातलेले लाटणे दिले. त्यांनी ते हातात फिरवून पाहिले आणि लगेच गणिताचे गुण विचारले. ते योग्यच होते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे निवृत्त झाले असतील, त्यांनी एखाद्या शनिवारी अवश्य यावे. शिकावयाचे असल्यास शिकावे, हाती कसब असल्यास शिकवावे.